अनुमोदक

सारंगखेड्याच्या जत्रेत मी बेचाळीस वर्षं घोड्यांची दलाली केली. आंधळा घोडा ‘विचारी’ म्हणून विकला, लंगडा घोडा ‘सावकाश चालीचा, वयस्कर माणसाला बरा’ म्हणून विकला. एका घोडीबद्दल तर मी सांगितलं होतं की ती तापीच्या पुरात पोहून पलीकडे गेली, पण घाईत सावली अलीकडेच राहिली, म्हणून दुसऱ्या दिवशी परत येऊन सावली घेऊन गेली. गिऱ्हाईक पोट धरून हसलं आणि घोडी घेऊन गेलं. पण त्या गिऱ्हाइकापुढे घोडी उभी होती. त्याला तिचे दात मोजता येत होते, खूर उचलून बघता येत होते, तिला पळवून बघता येत होतं. आमच्या पिंपरवेळच्या ग्रामपंचायतीनं जे खोटं केलं, ते कपाटात कुलपाखाली ठेवलं आणि त्यावर एका मेलेल्या माणसाची सही घेतली. इतकं आळशी, इतकं नासकं खोटं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आजही आठवलं की माझी कानशिलं तापतात.

झालं असं. दत्तजयंतीला आमच्या गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळं गाव सारंगखेड्याला जातं, एकमुखी दत्ताला हात जोडतं, घोडे बघतं, पोरांना पाळण्यात बसवतं. हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उपसरपंच नवनीतशेठनाही ते चांगलं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी बरोबर त्याच दिवशी सकाळी दहाला ग्रामसभा ठेवली. नोटीस लावली होती, हे खरं. कार्यालयाच्या दाराला लावली होती, आतल्या बाजूनं.

सभेला शंभर माणसं लागतात. नाही भरली तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा दुसऱ्यांदा भरते तेव्हा तिला शंभर काय, दहा माणसंही लागत नाहीत. दोघं बसले तरी ते अख्खं गाव. कायदा करणाऱ्यानं हे बऱ्या बुद्धीनं केलं असेल, की माणसं आली नाहीत म्हणून गावाची कामं अडू नयेत. पण आमच्याकडे ही पळवाट आता वहिवाटीची झाली आहे. पहिली सभा भरवायचीच मुळी न भरण्यासाठी.

तर दुसऱ्या दिवशी, आम्ही सगळे जत्रेतल्या धुळीनं माखून झोपलो असताना, कार्यालयात चार माणसं बसली आणि त्यांनी गावाचं गायरान नवनीतशेठच्या मेहुण्याला केळीच्या गोदामासाठी द्यायचा ठराव केला. तीस वर्षांसाठी.

सुगंधाबाईला हे कळलं ते आठ दिवसांनी, शेळ्या घेऊन गेली तेव्हा. गायरानात चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. रेघेच्या आत गेलेल्या शेळीला एका माणसानं काठी मारली. सुगंधाबाईकडे अकरा शेळ्या आहेत. जमीन नाही, मुलगा नाही, नवरा मोतीलाल तीन वर्षांमागे वारला. मुलीची मुलगी रोशनी तिच्याजवळ राहून शहाद्याच्या कॉलेजात शिकते, तिची फी त्या शेळ्यांच्या पोटातून निघते. गायरान गेलं तर शेळ्या विकायच्या, शेळ्या विकल्या की पोरीनं घरी बसायचं. एवढं सरळ होतं ते.

ती पोरीला घेऊन कार्यालयात गेली आणि ठरावाचं पुस्तक मागितलं. ग्रामसेवक म्हणाले, “मावशी, तुम्हाला वाचता येतं का?”

“हाई पोरले येस,” सुगंधाबाई म्हणाली. “तुम्ही फक्त कपाट उघाडा.”

पोरीनं मोबाइलवर फोटो काढले आणि आजीला घेऊन थेट माझ्या ओट्यावर आली. मी ऊन खात बसलो होतो.

“रूपचंदभाऊ,” सुगंधाबाई म्हणाली, “मन्हा मालक लिहाले शिकना का हो?”

मोतीलाल! रेशनच्या दुकानात अंगठा, बँकेत अंगठा, लग्नाच्या यादीतही अंगठाच लावलेला माणूस. मी चष्मा पुसून फोटो पाहिला. ‘सूचक: नवनीत. अनुमोदक: मोतीलाल उखा भील, पशुपालकांच्या वतीने.’ आणि खाली सही, मोत्यासारख्या अक्षरात.

म्हणजे ज्यांच्या शेळ्या त्या गायरानात चरतात त्यांचीही हरकत नाही, हे दाखवायला त्यांना एक शेळीवाला हवा होता. जिवंत शेळीवाला सही देईना, म्हणून मेलेला घेतला. मतदार यादीत त्याचं नाव अजून होतंच.

रोशनीनं हजेरीचा फोटो पुढे केला. सेहेचाळीस नावं. त्यात नऊ जण मेलेले. चौदा जण सुरतेला कामाला. एक पोरगी सहा वर्षांपूर्वी सासरी गेलेली. एक जवान सीमेवर. सगळे हजर, सगळ्यांच्या सह्या, आणि सगळ्यांचं अक्षर मोतीलालच्याच वळणाचं.

“आते काय करानं?” सुगंधाबाईनं विचारलं.

मला काय माहीत? आम्ही तिघं जीपमध्ये बसून तालुक्याला पंचायत समितीच्या साहेबांकडे गेलो. साहेब सभ्य होते. त्यांनी फोटो पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, “चौकशी लावतो, पण तिला वेळ लागतो. तोवर गोदामाचा पाया पडेल. ठराव ग्रामसभेचा आहे, तो ग्रामसभाच लवकर मोडू शकते. सव्वीस जानेवारीच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होईल. ते कायम होऊ देऊ नका. शंभर माणसं आणा.”

“आणि नही उनात तर?”

“तर सभा तहकूब,” साहेब म्हणाले. “पुढचं तुम्हाला माहीत आहे.”

हातात सतरा दिवस होते. सुगंधाबाई दारोदार फिरली. मी काठी टेकत तिच्यामागे. तिनं कुठं काही वाढवून सांगितलं नाही, रडली नाही. फोटो दाखवायची आणि म्हणायची, “हाई देखा. हाई खोटं शे. सव्वीस तारखेले या.”

कुंदनच्या घरी गेलो तेव्हा तो ट्रॅक्टर धूत होता. ट्रॅक्टर नवनीतशेठचा, कुंदन त्यावर ड्रायव्हर. हजेरीत त्याची आई दगूबाईही होती. तिला जाऊन दीड वर्ष झालं, तिच्या तेराव्याला मी जेवून आलो होतो.

“तुन्ही मायनी सही देख,” सुगंधाबाई म्हणाली.

कुंदननं फोटो पाहिला. मग पाण्याचा पाइप पुन्हा उचलला. “मावशी, माय गयी. तिले आते काय फरक पडस? माले रोज सकाळी हाई गाडीवर बसनं शे.”

“तिन्ही सही कोनी करी, इतलं तरी इचार.”

“इचारीसन काय करू? चावी त्यासना हातमा शे.”

प्रत्येक घरी हेच, वेगळ्या शब्दांत. एकाच्या केळीला शेठकडून पाणी. एकाच्या पोराला शेठच्या पतपेढीत शिपायाची नोकरी लागणार होती, सहा वर्षांपासून लागणार होती. एक जण म्हणाला, “आम्ही गरीब माणसं.” त्याच्या दारात दोन मोटारसायकली उभ्या होत्या. एक म्हणाला, “ग्रामसभामा काय व्हस? कागदवर कागद.” आणि एक बाई सरळ म्हणाली, “तुन्ह्या शेळ्या, तुन्हं दुखणं.” तिच्या तीन म्हशी त्याच गायरानात चरत होत्या!

दहा दिवसांत चौदा माणसांनी ‘येतो’ म्हटलं. त्यातल्या पाच जणांनी ‘जमलं तर’ असं पुढे जोडलं.

मी त्या दिवशी घरी येऊन जेवलो नाही. मला राग नवनीतशेठचा नव्हता, तो तर नेहमीचाच. मला राग आला तो त्या मोटारसायकलवाल्याचा, त्या म्हशीवालीचा, त्या कुंदनचा. खरं सांगणारी एक बाई दहा दिवस तळपाय घासते आणि चौदा माणसं मिळतात. आणि मी, जत्रेत पेटीवर उभा राहून घोडी सावली विसरली म्हणून ओरडलो, तेव्हा दोनशे माणसं कामं टाकून उभी राहिली होती. थू!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावरच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि चहा मागवताना सहज म्हणालो, “आज मोतीलाल भेटना.”

टपरीवाल्यानं पातेलं खाली ठेवलं. “कोन मोतीलाल?”

“सुगंधाबाईना. नाल्याजवळ उभा व्हता. माले म्हने, रूपचंदभाऊ, ग्रामपंचायतवाले मन्ही सही देखाडतीन का? वरे रात्रशाळा शे, तठे लिहाले शिकनू, पन मन्हं मीच अक्षर देखं नही अजून.”

बाकड्यावरचे चार जण हसले. मीही हसलो. मग चहा पिता पिता म्हणालो, “तो एकला नही. नऊ जन शेतस. हजेरीमा नाव लागं, मंग हजर ऱ्हावानंच पडस. सव्वीस तारखेले येतस म्हने, सभाले.”

एवढंच. जास्त बोललो असतो तर गोष्ट मेली असती. गोष्ट पेरून उठून जावं, मागे वळून बघू नये.

दुपारपर्यंत ती भिल्लांच्या वस्तीत, भिलाटीत पोचली, तिसऱ्या प्रहरी शाळेत. संध्याकाळी धानोऱ्याचा माझा भाचा फोन करून म्हणाला, “मामा, तुमच्या गावात सतरा मुडदे ट्रॅक्टरमधून येणार म्हणे?” सकाळी सोडलेलं पिलू संध्याकाळी घोडा होऊन आलं होतं. मी म्हणालो, “सतरा नाही रे, नऊच आहेत. उगाच वाढवून सांगू नये.”

सुगंधाबाई मात्र भडकली. ती माझ्या ओट्यासमोर उभी राहिली आणि तिनं मला तीन पिढ्यांसकट धुऊन काढलं. “मन्हा मालकनं भूत करं का तुम्ही? लाज शे का? तो जिता व्हता तेव्हा कोनले डोळा वर करी बोलना नही, आते तुम्ही त्याले गावले भ्या दाखाडाले फिराडी ऱ्हायनात!”

मी खाली मान घातली. खरंच लाज वाटली. पण राग लाजेपेक्षा मोठा होता. मी म्हणालो, “सुगंधाबाई, सही करायला त्यांनी त्याला उठवलं. मी फक्त सभेला बोलावलं. सांग, कालपर्यंत किती जणांनी तुला विचारलं होतं, सभा कधी आहे म्हणून?”

सकाळपासून वीस बायकांनी तिला तेच विचारलं होतं. ती म्हणाली, “तो चहा पेत नव्हता.”

“काय?”

“टपरीवाला सांगी ऱ्हायना, मोतीलालनी तुमनासंगे चहा पिधा. तो चहा पेतच नव्हता. सांगनं शे तर नीट सांगा.”

रोशनीनं तोंडावर ओढणी धरली. मला वाटतं ती हसत होती.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांचं संचलन झालं, आणि एरवी ज्या क्षणी मैदान रिकामं होतं त्या क्षणी ते भरू लागलं. ग्रामपंचायतीसमोरच्या कडुनिंबाखाली सतरंजी पुरेना. बायका, म्हातारे, सुरतेहून सुट्टीला आलेले, धानोऱ्याचे फुकटे प्रेक्षकसुद्धा. गावातले तीनशे चाळीस! हजेरीच्या पुस्तकावर सह्या करता करता ग्रामसेवकांचं पेन संपलं, त्यांनी पोराच्या दप्तरातलं मागून घेतलं. शंभरचा आकडा कधी मागे पडला हे त्यांनाही कळलं नाही. एक कोपरा लोकांनी आपणहून मोकळा सोडला होता, नऊ माणसं बसतील एवढा.

नवनीतशेठ पांढऱ्या कपड्यांत खुर्चीवर बसले होते. मला पाहून हसले. “आबा, म्हातारपणात भुतं विकू लागले का?”

“घोडे संपले, शेठ,” मी म्हणालो.

मधल्या खुर्चीवर सरपंच तापीबाई. जागा राखीव, म्हणून ती सरपंच. रोज सकाळी ती नवनीतशेठच्याच केळीत निंदायला जाते. चार वर्षांत सभेत तिनं तोंडातून शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. पदर दातात धरून बसायची आणि दाखवतील तिथं सही करायची.

ग्रामसेवक उभे राहिले. “मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करण्यात येत...”

“समजू नका भाऊसाहेब,” सुगंधाबाई उठली. “वाचा.”

“मावशी, मोठं आहे ते. वेळ...”

“आम्ही बठा येळ लिसन उनू शेतस.”

नवनीतशेठ सगळ्यांकडे वळून मोकळेपणानं म्हणाले, “अरे बाबांनो, बुंदी थंडी व्हई ऱ्हायनी. लहान पोरं ताटकळनात. कायम म्हना आनि उठा.”

दोन-तीन जण ‘कायम’ म्हणाले. सवयीनं. आता आणखी चार जण म्हणतील, मग दहा, मग टाळ्या, मग बुंदी. सुगंधाबाई एकटी उभी होती आणि तिच्या आजूबाजूच्या बायका तिच्या लुगड्याला हात लावून तिला खाली बसवत होत्या.

“वाचा.”

आवाज कुठून आला ते आधी कळलं नाही. मग पाहिलं तर तापीबाईच्या दातातला पदर सुटला होता.

नवनीतशेठ वाकून तिला हळूच म्हणाले, “तापी, गप बैस.”

“मी अध्यक्ष शे ना?” तिनं ग्रामसेवकांना विचारलं. ग्रामसेवक घाम पुसत म्हणाले, “हो, म्हणजे, नियमानं...”

“मंग वाचा.”

ते वाचू लागले. पहिली काही नावं जिवंत माणसांची होती. “मी कधळ उनथू?” एक जण ओरडला. “मी तर जत्रानी धूळमा घर झोपेल व्हतू!” लोक हसले. मग सुरतेवाली नावं आली, आणि सुट्टीला आलेले पोरगे एकेक करून उभे राहिले. “भाऊसाहेब, मी तर साडीच्या कारखान्यात होतो त्या दिवशी, पगार कापला का बघा!” पुन्हा हशा. सासरी गेलेल्या पोरीचं नाव आलं तेव्हा हशा जरा कमी झाला. तिच्या आईनं डोळ्याला पदर लावला होता.

“मोतीलाल उखा भील.”

सगळं मैदान वळलं. तीनशे चाळीस माना नाल्याकडच्या रस्त्याकडे. धूळ उडत होती तिकडे. वारा होता, दुसरं काही नाही. शपथेवर सांगतो, मीसुद्धा बघितलं. माझीच गोष्ट, आणि मीच बघितलं!

“रस्ता काय देखी ऱ्हायनात?” सुगंधाबाई म्हणाली. “तो येनार नही. मरेल मानूस येत नही. त्यान्ही जागावर मी उनी शे. लिखा, मोतीलाल उखा भील मरी गया, तीन वरीस व्हयनात, आनि त्यानी गायरान कोनले दिन्हं नही.”

कोणी हसलं नाही.

दुसरं मेलेलं नाव आलं. एक म्हातारा काठीवर उठला. “मन्हा भाऊ. मरी गया.” तिसरं नाव आलं. “मन्ही सासू.” एक पोरगा उठला, “आमना आबा.” त्यांना कोणी हात वर करायला सांगितलं नव्हतं, शेठच्या विरोधात बोला म्हटलं नव्हतं. त्यांच्या घरातलं माणूस पुस्तकात कोंडलं होतं, ते मागायला ते उठले होते.

“दगूबाई,” ग्रामसेवकांनी वाचलं.

कोणी उठलं नाही. कुंदन मागे ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा होता. तो खाली बघत राहिला. ग्रामसेवकांनी पुन्हा वाचलं. नवनीतशेठनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग पुढचं नाव.

वाचून संपलं तेव्हा ग्रामसेवकांचा आवाज बसला होता. रोशनीनं घरून लिहून आणलेला कागद वाचला: हे इतिवृत्त खोटं आहे, ते या सभेला मान्य नाही, गायरान कोणालाही देऊ नये. “ज्यांना पटतं त्यांनी हात वर करा,” ती म्हणाली.

आधी आठ घरं, ज्यांची माणसं मेली होती. मग सुरतेवाले. मग म्हशीवाली, हो, तीच! मग एकाचा हात बघून दुसऱ्याचा. पाचशे केळी एकदम वाऱ्यानं हलावीत तसे हात. मी मोजायचा प्रयत्न केला, दोनशेच्या पुढे सोडून दिला. सुगंधाबाई खाली बसली.

नवनीतशेठ शांत होते. फार शांत. घोड्याच्या बाजारात असा शांत माणूस दिसला की मी व्यवहार तिथंच थांबवायचो. ते म्हणाले, “ठीक आहे. गावाची इच्छा. लिहा भाऊसाहेब. सूचक कोण?”

“सुगंधाबाई मोतीलाल भील,” रोशनी म्हणाली.

“आणि अनुमोदक?”

हात एकदम खाली गेले. सगळे.

हात तीनशेंमध्ये लपतो, नाव लपत नाही. नाव पुस्तकात जातं, पुस्तक कपाटात जातं, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे सगळ्यांना माहीत होतं. मोटारसायकलवाला आकाशाकडे बघू लागला. शिपायाच्या नोकरीवाला बुटाची नाडी बांधू लागला, पायात चप्पल असताना.

“माझं लिहा,” मी म्हणालो. “रूपचंद.”

ग्रामसेवकांनी यादी चाळली. पुन्हा चाळली. मग फार अदबीनं म्हणाले, “आबा, तुमचं नाव कमी झालंय. मयत म्हणून.”

लोक हसले नाहीत, हे त्यांचं नशीब. मोतीलाल यादीत जिवंत आणि मी मेलेला! बेचाळीस वर्षं थापा मारल्या, पण एवढी थाप मला सुचली नसती. मी इतका ओरडलो की झेंड्याच्या खांबावरचे कावळे उडाले. काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण नियम नियम होता, मेलेला माणूस अनुमोदक होऊ शकत नव्हता, निदान आज तरी.

“रोशनीनं नाव लिखा,” कोणीतरी म्हणालं.

“अठरा पूर्ण नाही. तीन महिने कमी,” ग्रामसेवक म्हणाले.

“मग अनुमोदक नाही,” नवनीतशेठ उठले. “अनुमोदकाशिवाय ठराव नाही. चला, बुंदी.”

आणि तीनशे चाळीस माणसं बसून राहिली. सुगंधाबाईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. नवनीतशेठनी तिला लुबाडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग होता. आता जे होतं ते मला बघवलं नाही. मला वाटलं, या सगळ्यांना खरंच त्या नऊ जणांच्या शेजारी नेऊन झोपवावं. तिथं तरी कोणी हात वर करून खाली घेत नाही.

“मन्हं लिखा.”

कुंदन पुढे येत होता. गर्दीतून वाट काढत, कोणाच्या पायावर पाय देत, माफ कर म्हणत. टेबलाशी येऊन तो ग्रामसेवकांना म्हणाला, “दगूबाईना पोऱ्या कुंदन. अनुमोदक. लिखा लवकर, मन्हा इचार बदलाना आगोदर.”

ग्रामसेवकांनी लिहिलं. पोराच्या दप्तरातल्या निळ्या पेननं.

“कुंदन,” नवनीतशेठ म्हणाले, अगदी प्रेमानं, “चावी.”

कुंदननं खिशातून ट्रॅक्टरची चावी काढली आणि उघड्या पुस्तकावर ठेवली. सही करायला जागा हवी म्हणून ग्रामसेवकांनी ती बाजूला सरकवली. तापीबाईनं शेवटची सही केली, आपल्या नावाची चार अक्षरं, सावकाश, दाबून. तिला दुसऱ्या दिवशी निंदायला बोलावणं येणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

मग लोक बुंदीच्या रांगेत उभे राहिले. कुंदन रांगेशेजारून चालत घरी गेला. रांग त्याला वाट द्यायला सरकली, पण एकानंही त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सुगंधाबाई द्रोण न घेता गेली. शेळ्या सोडायची वेळ टळून गेली होती, आणि गायरानातली चुन्याची रेघ तिला आजच पुसायची होती.

गायरान राहिलं. चौकशीही लागली म्हणे, साहेब सभ्य होते. पण माझा राग अजून निवला नाही, आणि का ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवनीतशेठनी ट्रॅक्टरसाठी ड्रायव्हर शोधला. गावात ट्रॅक्टर चालवणारे सात जण आहेत. पहिल्या दोघांनी कारणं सांगितली. तिसरा लगेच चावी घेऊन गाडीवर बसला. त्याचाही हात आदल्या दिवशी वर होता, मी स्वतः पाहिला होता, मोटारसायकलवाल्याच्या मागे, चांगला उंच.

मी त्याच्या घरी गेलो. तो जेवत होता. मला बघून त्याचा घास थांबला.

“आबा, बसा ना.”

“बसत नाही,” मी म्हणालो. “एक गोष्ट सुचली आहे, तुझ्याबद्दल. अजून कोणाला सांगितली नाही.”

त्याच्या बायकोनं भाकरी तव्यावरच ठेवली. “कशी गोष्ट शे, आबा?”

“ते अजून ठरलं नाही,” मी म्हणालो. “एक मेच्या सभेत हा कुठं बसतो आणि कोणत्या कागदावर नाव देतो, त्यावर आहे. आणि तोवर ती चावी कोणाच्या खिशात दिसते, त्यावरही.”

आणि भाकरी करपायच्या आत मी तिथून निघालो.